कृपा कोणासाठी?

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरालगत किंग्जवुड नावाचा कोळशाच्या खाणींचा प्रदेश होता. तेथील खाणकामगार म्हणजे दांडगट, अडाणी आणि देवळाची पायरीही न चढलेली माणसे, अशी त्यांची ख्याती होती. इ. स. 1739 च्या फेब्रुवारीत जॉर्ज व्हाइटफील्ड हे चोवीस वर्षांचे धर्मोपदेशक त्यांच्यापुढे उघड्या माळावर उभे राहिले. पहिल्या दिवशी सुमारे दोनशे माणसे जमली. पुढे ती हजारांनी येऊ लागली. कोळशाने काळवंडलेल्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ उतरत, असे व्हाइटफील्ड यांनी लिहून ठेवले आहे.

हे कार्य पुढे चालविण्यासाठी त्यांनी ऑक्सफर्डमधील आपले ज्येष्ठ स्नेही जॉन वेस्ली यांना बोलावून घेतले. वेस्ली शिस्तीचे भोक्ते. मंदिराबाहेर प्रवचन करणे त्यांना प्रथम अशोभनीय वाटले. तरीही 2 एप्रिल 1739 रोजी तेही उघड्यावर बोलले. त्याच महिन्यात या दोन मित्रांमधील वादास तोंड फुटले. वादाचा प्रश्न असा होता की, समोर उभ्या असलेल्या त्या खाणकामगारास देवाची कृपा देऊ केलेली आहे, असे उपदेशकाने कोणत्या आधारावर सांगावे?

हा प्रश्न त्यांच्याही आधीचा होता. सोळाव्या शतकात जिनीव्हाच्या जॉन कॅल्व्हिन यांनी असे प्रतिपादिले होते की, कोणाचे तारण व्हावे आणि कोणाचे होऊ नये, हे देवाने अनादिकाळीच ठरविले आहे. यास पूर्वनियोजनाचा सिद्धान्त म्हणतात. हॉलंडमधील आर्मिनियस यांना तो जसाच्या तसा मान्य नव्हता. परंतु त्यांच्या पश्चात 1618-19 मध्ये डॉर्ट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्यांच्या अनुयायांची मते फेटाळली. व्हाइटफील्ड कॅल्व्हिनच्या बाजूचे, तर वेस्ली आर्मिनियसच्या.

आपल्याकडील वाचकांस या वादाची ओळख एका जुन्या दृष्टान्ताने पटेल. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगितले जातात. माकडीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजरीच्या पिलाला मात्र आईच तोंडात धरून नेते. व्हाइटफील्ड यांची कृपा मांजरीची होती. वेस्ली यांची माकडीची; तथापि पिलाच्या हातातील बळही देवानेच, आणि तेही सर्वांना, दिलेले आहे, अशी पुस्ती ते जोडीत. परंतु दृष्टान्त येथेच संपतो. मांजरीने जी पिले उचललीच नाहीत, त्यांचे काय? ख्रिस्ती वादाचा सारा दाह या एका प्रश्नात होता. कारण न उचललेल्यांच्या वाट्यास अनंत नरक येतो, हे दोघांनाही मान्य होते.

वेस्ली यांनी एप्रिलअखेर ब्रिस्टल येथे या विषयावर प्रवचन केले. त्यापूर्वी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या; कौल निघाला, ‘प्रवचन करावे आणि छापावे.’ त्यांचा युक्तिवाद कठोर होता. काहींना केवळ नरकासाठीच निर्माण करून वर सर्वांना पश्चात्तापास बोलावणारा देव सत्यवचनी कसा म्हणावा? असा देव सैतानाहूनही क्रूर ठरेल. व्हाइटफील्ड यांनी हे प्रवचन न छापण्याची विनंती केली होती. पण ते अमेरिकेस गेले आणि प्रवचन छापले गेले.

व्हाइटफील्ड यांचे उत्तर 24 डिसेंबर 1740 रोजी जॉर्जियातील बेथेस्डा अनाथाश्रमातून लिहिले गेले. त्यांचे म्हणणे असे की, तारणावर कोणाचाच हक्क नाही. सर्वच अपराधी आहेत. राजाने काहींना क्षमा केली तर इतरांवर अन्याय झाला, असे होत नाही. उलट, तारण माणसाच्या निवडीवर सोपविले, तर वाचलेला मनुष्य त्याचे श्रेय स्वतःकडे घेईल. आणि निवडलेले कोण हे उपदेशकास ठाऊक नसल्यामुळे त्याने सर्वांनाच हाक मारली पाहिजे. म्हणजे एकास देवाच्या न्यायीपणाची काळजी होती, दुसऱ्यास त्याच्या सार्वभौमत्वाची.

व्हाइटफील्ड यांचे एक खासगी पत्र दोघांच्याही संमतीवाचून कोणीतरी छापले आणि 1 फेब्रुवारी 1741 रोजी लंडनमधील वेस्ली यांच्या फाउंडरी या सभागृहात वाटले. व्हाइटफील्ड येथे असते तर त्यांनी जे केले असते तेच आपण करतो, असे सांगून वेस्ली यांनी आपली प्रत सर्वांसमक्ष फाडली. श्रोत्यांनीही तेच केले. तथापि मार्चमध्ये परतलेल्या व्हाइटफील्ड यांनी आपले उत्तर छापलेच आणि त्यात वेस्ली यांच्या खासगी चिठ्ठ्यांची गोष्टही उघड केली. आपण दोघे दोन निराळी शुभवर्तमाने सांगतो, असे त्यांनी वेस्ली यांना तोंडावर सांगितले. किंग्जवुडची मंडळीही दुभंगली.

परंतु त्याच वर्षाच्या शरद ऋतूत व्हाइटफील्ड यांनी चिठ्ठ्यांची गोष्ट उघड केल्याबद्दल क्षमा मागितली. मैत्री हळूहळू पुन्हा जुळली. मते कोणीही बदलली नाहीत, मंडळ्याही निराळ्याच राहिल्या. 30 सप्टेंबर 1770 रोजी व्हाइटफील्ड अमेरिकेत न्यूबरीपोर्ट येथे निवर्तले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार लंडनमधील स्मृतिप्रवचन वेस्ली यांनी केले. त्यात त्यांनी नवा जन्म आणि विश्वासाने नीतिमान ठरणे या समान श्रद्धांवर भर दिला. निवडीच्या सिद्धान्ताचा उल्लेख नाही, म्हणून काही कॅल्व्हिनवादी रुष्ट झाले आणि पुढील दशकात त्यांच्या अनुयायांनी एकमेकांवर कटू पत्रके झाडली.

कॅथलिक पंथातही कृपा आणि मानवी स्वातंत्र्य यांविषयी डॉमिनिकन व जेझुइट यांच्यात असाच वाद पेटला होता. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निर्णय न देता तो थांबविला आणि उभयपक्षांनी एकमेकांस पाखंडी म्हणू नये, अशी ताकीद दिली.

या दोन्ही प्रवाहांचे पाणी बेळगावपर्यंत पोहोचले. 1795 साली स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीच्या संस्थापकांत व्हाइटफील्ड यांच्या परंपरेतील माणसे होती. या संस्थेने एकोणिसाव्या शतकात बेळगावात जे कार्य उभारले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी वेस्ली यांचा वारसा सांगणाऱ्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या हाती गेले.

किंग्जवुडच्या खाणकामगारास हा सिद्धान्तभेद कितपत उमगला असेल, कोण जाणे. त्याने एकाच माळावर दोघांकडूनही ‘ये’ हाच शब्द ऐकला. तो शब्द कशाच्या आधारावर उच्चारावा, याविषयी ते दोघे अखेरपर्यंत भांडले; पण तो उच्चारणे दोघांपैकी एकानेही थांबविले नाही.