दहा एमबीची मराठी

परवा शनिवारी माळा आवरताना एक सीडी सापडली. वर माझ्याच अक्षरात मार्करनं लिहिलेलं : 'एक्सपी लाइट - फायनल'. खाली, 'खरंच फायनल'. ज्यांनी त्या काळात असले उद्योग केलेत ते आत्ता हसले असतील!

नव्या मंडळींसाठी थोडा इतिहास. विंडोजमधून काय काढता येतं यावर चक्क कोर्टात भांडण झालं होतं. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजपासून वेगळा करता येत नाही, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी तो दीड मिनिटाच्या आत काढून घेतला आणि तसं भर कोर्टात सांगितलं. मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारनं मोठा खटला भरला. त्यात प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८ मधून ब्राउझर काढणारा प्रोग्रामच मांडला. कंपनी म्हणाली, हा तर नुसता लपवलाय, कोड आहे तिथेच आहे. शेवटी २००१ च्या अपिलात कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश रद्द झाला. पण 'ॲड/रिमूव्ह'च्या यादीतून एक्सप्लोरर वगळणं गैर होतं, हे कायम राहिलं.

इकडे हौशी लोक निकालाची वाट बघत थोडेच बसणार? शेन ब्रुक्सच्या '९८लाइट'नं विंडोज ९८ वर ९५ चा हलका एक्सप्लोरर बसवून दाखवला. एक्सपीमध्ये तर अजून गंमत. 'सिसॉक.आयएनएफ' नावाची साधी टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, मेसेंजरच्या ओळीतला 'हाइड' हा शब्द खोडायचा, की तो काढायच्या यादीत हजर! म्हणजे सोय होती, फक्त झाकलेली होती.

मग आलं 'एनलाइट'. इन्स्टॉल झाल्यावर साफसफाई करण्यापेक्षा सीडीच आधी निवडायची, तांदळासारखी. फाइल्स हार्डडिस्कवर घ्या, सर्व्हिस पॅक मिसळा, नको त्या गोष्टींवर टिक करा, नवी सीडी जाळा. माझ्याकडे १२८ एमबी रॅम होती. मी धडाधड टिक करत सुटलो. टूर? नको. गेम्स? नको. इंग्रजी सोडून बाकी भाषा? त्या कशाला!

ती सीडी मी साताऱ्याला बाबांच्या मशीनवर टाकून आलो. मशीन पळायला लागलं, मी खूश. पंधरा दिवसांनी फोन.

"अरे, अमेरिकेहून आत्याची मेल आलीय. नुसते चौकोन दिसतायत. काय झालंय रे हिला?"

आत्या मराठीत टाइप करायला शिकली होती. आजी गेल्यावर तिनं पहिल्यांदाच आजीबद्दल लिहिलं होतं, दोन पानं. आणि ते वाचायची सोय मी स्वतःच्या हातानं खुडून टाकली होती.

तसं बघितलं तर मूळ एक्सपीतही मराठी आपोआप यायची नाही. 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'वर टिक करायची, सीडी घालायची, रीस्टार्ट. अरबी, हिब्रू, थाई यांच्याच गठ्ठ्यात आपल्या लिप्या. विंडोज सांगायचं, दहा एमबी किंवा जास्त जागा लागेल. बस्स, दहा एमबी! पण माझ्या सीडीवर तेवढंही उरलं नव्हतं. पूर्ण सीडी घेऊन मी जाईपर्यंत बाबा तीन आठवडे थांबले. काही बोलले नाहीत. मेल मात्र दोनदा वाचली.

२००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि या लिप्या मुळातच बसवलेल्या मिळू लागल्या. 'किती फुगवलंय!' म्हणून आम्ही ज्याला शिव्या घातल्या, त्या फुगवट्यात हेही होतं.

आपल्याला नको ते काढता यायलाच हवं, हे मला आजही पटतं. फक्त मशीन कुणाचं आहे, हे आधी विचारायला हवं.

असो. सीडी टाकवली नाही. परत माळ्यावर ठेवलीय.