निनावी मजकुराचा लेखक कोण?

नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ साली राजद्रोही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली. पुढे १९१०च्या वृत्तपत्र कायद्याने छापखानदारांकडून अनामत रक्कम घेण्याची तरतूद केली. लेखक निसटला तरी छापखाना हाती लागतो, हा त्यामागील हिशेब होता.

इंटरनेटवर हा हिशेब जुळत नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि तो मजकूर ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण यांना पालघरमध्ये अटक झाली. त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ ‘त्रासदायक’ मजकुरालाही गुन्हा ठरवीत होते. अशा शब्दांची संदिग्धता दाखवून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

पालघरच्या मजकुराखाली नाव होते, म्हणून कायदा दारापर्यंत पोहोचला. अफवेला मात्र ना लेखक होता, ना छापखाना. प्रत्येकाने ती केवळ पुढे धाडली होती. संहितेचा कर्ता कोण, हा आपल्या वर्गातला जुना प्रश्न राईनपाड्यात पाच जिवांचा प्रश्न झाला.