थोमाने जास्त काही मागितले नव्हते
(योहानकृत शुभवर्तमान, अध्याय २०, वचने २४ ते २९)

खांदा कॉलनीत चांगू काना ठाकूर महाविद्यालयात विज्ञान शिकणारा ख्रिस्ती मुलगा घरी पुनरुत्थानाबद्दल शंका काढतो, तेव्हा मोठी माणसे बहुधा ‘न पाहता विश्वास ठेवणारे धन्य’ हे २९वे वचन पुढे करून विषय मिटवतात. आधीच्या पाच वचनांबरोबर वाचले, तर ते वचन तसे वापरता येत नाही.

वचन २४. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांकडे आला, तेव्हा त्यांच्यातला थोमा तिथे नव्हता. का नव्हता, हे योहान सांगत नाही.

वचन २५. खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मानणार नाही, असे थोमा सांगतो. ‘संशयी’ हा शिक्का त्याला इथे बसला. पण पाच वचने मागे जा. २०व्या वचनात येशूने इतर शिष्यांना आपण होऊन हात आणि कूस दाखवली आहे. त्यांना न मागता मिळालेलेच थोमा मागतो. स्पर्शाची अट तेवढी त्याची. शिवाय त्याला चमत्कार नको आहे. क्रूसावर मेला तोच हा का, एवढेच त्याला पडताळायचे आहे, आणि त्यासाठी त्या खुणा पुरेशा नेमक्या आहेत.

वचन २६. आठ दिवसांनी थोमा शिष्यांमध्येच आहे. या उताऱ्यातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्याला कोणी बाहेर काढले नाही आणि तोही उठून गेला नाही.

वचन २७. येशू पुन्हा येतो आणि थोमाची अट जशीच्या तशी पुरी करायला तयार होतो. आधी हात पुढे करतो, मग विश्वास ठेवायला सांगतो. हा क्रम उलटा करून शिकवू नये.

वचन २८. थोमाने स्पर्श केला, असे योहान लिहीत नाही. कॅराव्हाज्जिओने चित्रात त्याचे बोट जखमेत घातले, ती चित्रकाराची भर. थोमा येशूला देव म्हणतो, आणि संत ऑगस्टीन नेमके इथेच बोट ठेवतो: दिसला तो माणूस, कबूल केला तो देव. खुणा पाहून ओळख पटली. पुढचे पाऊल विश्वासाचे.

वचन २९. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना येशू धन्य म्हणतो. न विचारता ठेवणाऱ्यांना नव्हे. लगेच ३०-३१मध्ये योहान सांगतो की, वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिले आहे. म्हणजे न पाहणाऱ्याच्या हाती साक्ष दिली आहे, आणि साक्ष म्हटली की ती तपासणे आलेच. पंडिता रमाबाईंनी तेच केले. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही, केवळ चर्च सांगते म्हणून त्रैक्याचा सिद्धांत मान्य करायला त्यांनी तिथल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून नकार दिला. येशूला मात्र त्यांनी सोडले नाही. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मुळावरून बायबल मराठीत आणण्यात घालवली.