अमिरातीत घराची दुरुस्ती : परवानगी, शेजार आणि शब्बाथ

पेसाखच्या आधी घराला चुना लावायचा, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची, ही आपल्या घरांची जुनी रीत. गवंडी ओळखीचा असायचा. सांगितलं की दुसऱ्या दिवशी हजर! दुबईत मुलाकडे राहायला गेलेल्या वडीलधाऱ्यांना हे एकदम जमत नाही. तिथे आधी कागद, मग हातोडा. बाथरूममध्ये धरायला दांडा हवा, उंबरठा काढायचा आहे, फरशी घसरते, अशी कामं वयाप्रमाणे करावीच लागतात. ती नीट कशी करावीत, ते थोडक्यात पाहू.

घर भाड्याचं असेल तर

दुबईच्या २००७ च्या भाडेकायद्यात (क्र. २६, कलम १९) स्पष्ट आहे की घरमालकाची संमती आणि संबंधित खात्यांचे परवाने असल्याशिवाय भाडेकरूने घरात बदल करू नये. तोंडी "हो" पुरत नाही, लेखी घ्या. घर सोडताना ते घेतलं तसंच परत द्यायचं असतं. म्हणून बसवलेला दांडा पुढे काढायचा की ठेवायचा, तेही त्याच पत्रात लिहून घ्या. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. करारात वेगळं ठरलं नसेल तर देखभाल-दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी आहे. गळती दिसली की खिशातले पैसे काढण्याआधी त्याला कळवा.

घर स्वतःचं असेल तर

प्रथम इमारतीच्या व्यवस्थापनाचं किंवा बिल्डरचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी. भिंत, नळ किंवा विजेच्या कामाला याशिवाय सरकारी परवाना लागू शकतो. तो बहुतेक भागांत दुबई म्युनिसिपालिटीचा, काही वसाहतींत ट्राखीस किंवा दुबई डेव्हलपमेंट ऑथॉरिटीचा. कोणता, ते व्यवस्थापनाच्या ऑफिसात विचारा. अबू धाबी आणि शारजा यांचे नियम वेगळे आहेत, दुबईचा कागद तिथे चालत नाही.

बाल्कनीला जाळी किंवा उंच कठडा लावतानाही परवानगी घ्या. छताला कठडा करावा, कोणी पडू नये, असं तोरात (अनुवाद २२:८) सांगितलंच आहे. पण टॉवरची बाहेरची बाजू सगळ्यांची असते.

ठेकेदार

परवाना असलेलाच ठेकेदार घ्यावा. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाला स्वस्तात कामाला लावू नका, दंड फार मोठा आहे. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. रंगारी छतावरच्या धुराच्या यंत्रावर किंवा फवाऱ्यावर रंग फासत नाही ना, तेही पाहा.

पाण्याची परीक्षा

बाथरूमची फरशी उखडली की खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फाटतो. नवा थर दिल्यावर, फरशी बसवण्याआधी, पाणी भरून किमान २४ तास ठेवावं आणि खालच्या घरात जाऊन छत बघावं. आमच्याकडे घाईत हे राहिलं. महिन्याभरात खालच्यांच्या छतावर ओल आली. फरशी पुन्हा फोडावी लागली. पैसे गेले ते गेलेच, पण लिफ्टमध्ये त्या बाईंच्या नजरेला नजर देता येईना, याचंच जास्त वाईट वाटलं.

शेजारी

काम सुरू होण्याआधी वर, खाली आणि दोन्ही बाजूंना स्वतः जाऊन सांगावं. किती दिवस, कोणत्या वेळी ठोकाठोक, आणि आपला फोन नंबर द्यावा. कोणाकडे तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्या झोपेची वेळ विचारा. राडारोडा पॅसेजमध्ये ठेवू नका, कचऱ्याच्या शूटमध्ये तर नाहीच. रमजानमध्ये कामगारांचे तास दिवसाला दोनने कमी होतात, काम लांबतं. इफ्तारच्या सुमारास आवाज नको. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर उन्हात काम बंद असतं, म्हणून गच्चीचं काम हिवाळ्यात काढावं.

शब्बाथ आणि मेझुझा

२०२२ पासून तिथे सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आहे, पण खासगी ठेकेदार शनिवारीही येतात. कामगार ज्यू नसले तरी आपल्या घरात शब्बाथला काम चालू ठेवू नये. करारातच लिहा : शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी काम नाही. दुबईत डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपले वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ती ओळख परदेशातही जपायला हरकत नाही.

चौकट रंगवायची असेल तर मेझुझा आधी काढून, स्वच्छ कपड्यात गुंडाळून ठेवावा. काम झालं की आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी पुन्हा बसवावा. बेराखा म्हणायची की नाही, ते हजानांना विचारावं.

आणि काम संपलं की त्या शेजाऱ्यांकडे गोडाची बशी घेऊन जावं. आपल्याकडे तसंच करत. शालोम.