आइनो : विशेषणाचे विशेषनाम

‘एकुलती’ हा शब्द मराठीत लेकीच्या मागे विशेषण म्हणून लागतो. तिच्या बारशाला तेच नाव ठेवावे, असे कोणाच्या मनात येत नाही. फिनलंडमध्ये मात्र नेमके तेच घडले. ‘आइनो’ हे तेथील स्त्रीनाम ऐकणाऱ्यास अतिप्राचीन वाटते. वस्तुतः त्याचे वय दोनशे वर्षांचेही नाही.

एलियास ल्योनरूट हे पेशाने वैद्य. कारेलियाच्या खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा करून त्यांनी १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले, आणि १८४९ मध्ये ते पन्नास सर्गांपर्यंत वाढविले. मूळ गीतांत ‘आइनो’ म्हणजे केवळ ‘एकुलती’ : एकुलती लेक, एकुलती बहीण. ती मुलगी निनावीच होती. ल्योनरूटांनी तिला तिचे विशेषणच नाव म्हणून दिले.

तिची कथा मोठी करुण आहे. भाऊ योउकाहाइनेन वृद्ध गायक वायनामोइनेनशी गानस्पर्धा करतो, हरतो, आणि दलदलीत रुतत असता प्राण वाचविण्यासाठी बहीण देऊ करतो. एवढा थोर जावई मिळणार म्हणून आईला हर्ष होतो. मुलीला विचारले कोणीच नाही! ती रडत समुद्रतीरी जाते आणि बुडून मरते. मग आईच्या अश्रूंच्या नद्या वाहू लागतात. गंमत अशी की, काव्यात तिला भाऊच काय, बहीणही आहे. नाव मिळाले आणि ‘एकुलती’ हा अर्थ हरपला.

अशा दुर्दैवी कन्येचे नाव आईबापांनी आपल्या मुलीस का ठेवावे? फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या व पुढे १९१७ पर्यंत रशियाच्या सत्तेखाली होता. शिकलेल्यांच्या घरी स्वीडिश चाले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मारिया, आन्ना अशी संतांची नावे असत. फिनिश भाषेच्या अभिमान्यांना स्वभाषेतील नाव हवे होते, आणि ते या काव्यात सापडले. कथेतील मरणापेक्षा भाषेचा जिव्हाळा प्रबळ ठरला.

सेनानी अलेक्झांडर यार्नेफेल्ट यांनी १८७१ मध्ये जन्मलेल्या आपल्या कन्येचे नाव आइनो ठेवले. चित्रकार एरो, लेखक आर्विद आणि संगीतकार आर्मास हे तिचे बंधू. म्हणजे हीही एकुलती नव्हेच. १८९२ मध्ये तिचा विवाह संगीतकार झाँ सिबेलियस यांच्याशी झाला. १९०४ मध्ये हे कुटुंब तुसुला सरोवराजवळ बांधलेल्या नव्या घरी राहावयास गेले. त्या घराला ‘आइनोला’, म्हणजे आइनोचे स्थान, असे नाव दिले गेले. पतीच्या निधनानंतरही ती तेथेच राहिली. १९६९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी तिचा अंत झाला. फिनिश पंचांगात १० मे हा आइनोचा नामदिन आहे.