पानाखालचा शत्रू आणि आमचे उपाय

ज्या शत्रूचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत, तो आकाराने अर्ध्या मिलिमीटरहून मोठा नाही. त्याच्या नावाने कोणी बखर लिहिलेली नाही. तथापि मिरचीच्या, वांग्याच्या, कपाशीच्या शेतात आणि शहरातल्या गच्चीवरील गुलाबाच्या कुंडीत त्याने जे राज्य स्थापिले आहे, ते पुष्कळ राजवंशांहून टिकाऊ ठरले आहे. आमच्याकडे शेतकरी त्याला कोळी म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी ज्याच्या परसात मिरचीची चार रोपे आहेत, त्याने या शत्रूची करणी पाहिलेली असते. शत्रू मात्र बहुधा पाहिलेला नसतो.

प्रथम याची जात पाहू. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. म्हणजे याचे गोत्र मुंगी-माशीचे नसून विंचू आणि जाळे विणणाऱ्या कोळ्याचे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तेवढे सहाच पाय असतात, उरलेले दोन पुढे येतात. तो पानाच्या पाठीमागे बसतो, पेशीत सुईसारखे तोंड खुपसून रस शोषतो, आणि पानावर बारीक पांढुरके ठिपके उमटतात. उपद्रव वाढला की पान पिवळे, मग तांबूस होते, आणि शेवटी शेंड्यावर तलम जाळी दिसू लागते. जाळी दिसली म्हणजे लढाई निम्मी हरल्यासारखी समजावी.

उष्ण व कोरड्या हवेत याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. याहून विलक्षण गोष्ट अशी की, नराशी संयोग न होताही मादी अंडी घालते, आणि त्या अंड्यांतून केवळ नर निपजतात. म्हणजे वाट चुकून एकटी मादी एखाद्या रोपावर आली, तरी ती आपला वंश चालवू शकते. या गोष्टीचे महत्त्व पुढे कळेल.

आता मनुष्याला हा शत्रू कधी दिसला? १६६५ साली रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोळ्याच्या गोत्रातील सूक्ष्म जीवांची चित्रे आहेत. १७५८ साली लिनियसने जाळी विणणाऱ्या कोळ्याला शास्त्रीय नाव दिले आणि आज जगभर उपद्रव देणाऱ्या दोन ठिपक्यांच्या कोळ्याचे वर्णन कोख या जर्मन अभ्यासकाने १८३६ साली केले. त्यापूर्वी लक्षणे दिसत होती, कर्ता दिसत नव्हता. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. त्यात झाडाच्या रोगाची लक्षणे सांगितली आहेत: पाने पांढुरकी पडणे, पालवी न वाढणे, फांद्या वाळणे, रस गळणे. कारण मात्र थंडी, वारा आणि ऊन असे दिले आहे. उपाय सांगितला तो असा: रोगी भाग शस्त्राने काढावा आणि वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’तही झाडांना धुरी देण्याचे उपचार आहेत. ज्यांनी शत्रू पाहिलाच नव्हता त्यांना आम्ही हसू नये. रोगी भाग आधी काढून टाका, ही त्यांची पहिली आज्ञा आजही पहिलीच आहे.

हिंदुस्थानात या जातीच्या जीवाने सरकारचे लक्ष प्रथम वेधले ते आसामातील चहाच्या मळ्यांत. तेथे तांबडा कोळी १८६८ साली नोंदला गेला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन यांनी आसामच्या चहावरील कोळी व ढेकूण यांविषयी १८८४ साली अहवाल लिहिला. चहा हे परदेशी पैसा आणणारे पीक होते, म्हणून तेथील किडीला अहवाल मिळाला. मिरचीला तो मान मिळण्यास आणखी चाळीसेक वर्षे लागली. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ जी. एस. कुलकर्णी यांनी १९२० च्या दशकात मिरचीच्या ‘मुरडा’ रोगावर लेख लिहिला आणि शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द शास्त्राच्या पानावर गेला. पुढे असे ठरले की मुरडा एकाच कारणाने होत नाही. फुलकिड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा वर वळतात. पिवळ्या कोळ्याने शोषला तर त्या खाली वळतात आणि पान उलट्या होडीसारखे दिसते. आणि विषाणूमुळेही पाने गोळा होतात. ज्यांनी नंदुरबारच्या बाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना हा भेद किती रुपयांचा आहे हे सांगणे नको. कोळ्यासाठी फुलकिड्याचे औषध मारले, तर पैसा जातो आणि कोळी राहतो.

येथे आम्हांस एका अशा पिकाकडे वळायचे आहे, ज्याचे नाव सभेत काढले की श्रोते चमकतात. ते पीक म्हणजे गांजा. त्याच्याकडे वळण्याचे कारण असे की, शेतातली कीड घरात आणली म्हणजे काय होते, याचा धडा त्या पिकाइतका स्पष्ट दुसरे कोणी देत नाही.

खानदेशाला लागून असलेल्या निमाडात, खांडव्याच्या टापूत, एकोणिसाव्या शतकात सरकारी परवान्याने गांजाची लागवड होत असे. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून १८९३ साली हिंदुस्थान सरकारने आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सातांपैकी तीन सभासद हिंदी होते. अकराशेंहून अधिक साक्षी घेऊन आयोगाने १८९४ साली अहवाल दिला आणि संपूर्ण बंदीपेक्षा परवाना व कर यांनी नियंत्रण ठेवावे असा कौल दिला. त्या काळी ही शेती पावसावर पेरलेली, उघड्या वाऱ्याची होती. नरझाडे ओळखून उपटण्याचे काम जाणत्या माणसाकडे असे, कारण मादीला बी धरले की माल हलका होई. म्हणजे कोणीतरी रोज रोप न् रोप न्याहाळीत फिरत असे. पावसाच्या सरी पानांची पाठ धुऊन काढीत. कोळ्याला अशी शेती मानवत नाही.

पुढे काळ फिरला. स्वतंत्र भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्याविना गांजाचे झाड लावणे हा गुन्हा ठरला. आमच्या महाराष्ट्रात परसात वा कुंडीत एक रोप लावणाऱ्यालाही तुरुंगाची वाट आहे, हे येथे स्वच्छ सांगून ठेवतो. परंतु कॅनडाने २०१८ साली बहुतेक प्रांतांत एका घरात चार रोपे लावण्यास मोकळीक दिली आणि जर्मनीने २०२४ साली प्रौढ माणसाला तीन. तेथील थंडीत हे झाड खोलीत, दिव्याखाली वाढवितात. उबदार, कोरडी, वारा नसलेली, पाऊस कधी न पाहिलेली आणि कोळ्याच्या शत्रूंना दार बंद असलेली खोली! कोळ्याने स्वतः आपले घर बांधिले असते तर ते याहून निराळे बांधिले नसते. दोन ठिपक्यांचा कोळी तेथे आहेच. शिवाय भांगवर्गातील झाडांवरच जगणारा, डोळ्यांना मुळीच न दिसणारा एक कोळी हंगेरीत फार्काश याने १९६० साली वर्णिला, तोही आता तेथील लोकांना छळतो.

आणि येथेच उपायाचा प्रश्न उग्र होतो. मिरची आपण धुतो, वांगे शिजवितो. हे फूल कोणी धूत नाही, ते जाळून त्याचा धूर छातीत घेतात. कॅनडात २०१६-१७ च्या सुमारास परवानाधारक उत्पादकांच्या मालात मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक सापडले आणि माल परत मागवावा लागला. हे द्रव्य तापले की त्यातून सायनाइडचा विषारी वायू सुटू शकतो. म्हणजे रोपाचे रक्षण झाले आणि माणूस धोक्यात आला.

ही चूक गांजापुरती आहे असे कोणी समजू नये. गेल्या शतकाचा सगळा इतिहास हेच सांगतो. १९३९ साली पॉल म्युलरने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धानंतर हे द्रव्य बागाबागांतून उधळले गेले. कीटक मेले, पण कोळी कीटक नव्हे, तो मेला नाही. मेले ते त्याला खाणारे ढालकिडे आणि इतर मित्रकीटक. ज्या फळबागांत कोळी नावापुरता होता, तेथे तो राजा झाला. मग पॅराथिऑन आले. अमेरिकेतील काचगृहांत १९५० च्या सुमारासच त्यालाही न जुमानणारे कोळी निघाले. कारण आम्ही वर सांगितलेच आहे: पिढी आठ दिवसांची, आणि नर एकट्या आईच्या अंशाचा. त्यामुळे विष पचविणारा एखादा गुण उपजला तर तो झाकून राहत नाही, भराभर पसरतो. मग १९५० च्या दशकात डायकोफॉल हे खास कोळीनाशक निघाले. गंमत अशी की, ते डीडीटीपासूनच तयार करीत. ज्याने रोग वाढविला त्याच्याच घरून औषध! तेही टिकले नाही: २०१९ साली ते जागतिक बंदीच्या यादीत गेले आणि भारत सरकारने २०२३ साली त्यावर बंदीचा हुकूम काढला.

दरम्यान माणसांनी किंमत मोजली. १९५८ साली केरळात पॅराथिऑनजवळ ठेवलेले धान्याचे पीठ दूषित होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांची चौकशी झाली आणि तिच्या ओघात १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कायदा आला, तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले. ती फवारणी कोळ्यासाठी नव्हती हे खरे. परंतु पाठीवर पंप, तोंडावर फडके नाही, दोन-तीन विषे एकत्र, ही रीत तीच. कीड एका हंगामाचे पीक नेते. अविचाराचा उपाय घरचा कर्ता माणूस नेतो.

उलट दिशेचाही एक इतिहास आहे. १९५८ साली चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर एक परभक्षी कोळी जर्मनीत पोचल्याचे आढळले. तो झाडाला तोंड लावीत नाही. रस शोषणाऱ्या कोळ्यालाच खातो. हॉलंडमधील काकडीचे बागाईतदार यान कॉपर्ट यांनी १९६७ साली काचगृहात असे परभक्षी कोळी सोडण्यास आरंभ केला आणि पुढे तो एक मोठा व्यवसाय झाला. काट्याने काटा काढावा, ही म्हण त्यांनी अक्षरशः खरी केली.

तेव्हा कळसाडीच्या परसात किंवा शहराच्या गच्चीत मिरची, भेंडी, वांगी, गुलाब लावणाऱ्याने या इतिहासातून काय घ्यावे? पहिले, नवे रोप आणले की ते आठ-दहा दिवस वेगळे ठेवावे. दुसरे, आठवड्यातून दोनदा पान उलटून भिंगातून पाहावे, अथवा पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. हलणारे ठिपके दिसले की शत्रू ओळखला. तिसरे, बाधित पाने तोडून नष्ट करावीत, आजूबाजूचे तण काढावे, आणि पानांची पाठ पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. रस्त्याकडेच्या धुळकट झाडांवर कोळी अधिक होतो. म्हणून धूळ धुणे हेही औषधच. चौथे, युरियाचा मारा करू नये, कारण लुसलुशीत पान कोळ्याला आवडते. एवढ्यावर भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क. त्यानंतर पाण्यात विरघळणारे गंधक, वेष्टनावरील प्रमाणाने, सकाळी वा संध्याकाळी. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात, आणि तेलकट फवारणीच्या मागेपुढे दोन आठवडे ते वापरू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे कोळ्यावर मारू नयेत. त्यांनी मित्रकीटक मरून कोळी उलट वाढतो. आणि अखेरचे रासायनिक कोळीनाशक घ्यावेच लागले, तर त्या पिकासाठी मंजूर असलेले घ्यावे, एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नये, आणि फवारणीनंतर तोडणीपर्यंत सांगितलेले दिवस मोजून पाळावेत.

आम्ही सांगितलेल्या इतिहासाचे सार एवढेच आहे. कोळी जगात पूर्वीपासून होता; त्याला बलाढ्य केले ते आपल्या घाईने. ज्याने रोज पान उलटून पाहिले त्याला विषाची गरज क्वचितच पडली, आणि ज्याने कधी पाहिले नाही त्याला कोणतेच विष पुरले नाही. नजर ही या लढाईतील पहिली ढाल आहे, आणि ती विकत घ्यावी लागत नाही.