होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि सुट्या भागांचा शोध

होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांत जुन्या वस्तूंविषयी एक हळवेपणा आहे. देपालपूरच्या आसपास तर होळकरी स्मृती गावांच्या नावांतही उरल्या आहेत. शेजारचे गौतमपुरा मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंचे नाव सांगते. त्या वारशातला एक कमी चर्चिलेला भाग म्हणजे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या मोटारी.

१९३० साली राज्याधिकार हाती आलेल्या या महाराजांना आधुनिक वस्तूंची चोखंदळ आवड होती. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून त्यांनी माणिकबाग महाल उभा करविला. त्याच दशकात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे ही मोटार घेतली. नारिंगी-काळ्या रंगाची तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने घडविली. आठ सिलिंडरांचे, सुमारे ६.९ लिटरचे, सुपरचार्जर लावलेले तिचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे असल्याचा कंपनीचा दावा होता.

परंतु १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली. मोटार नवी, आणि तिचा निर्माता मात्र गत! पुढे ती नादुरुस्त झाल्यास कोणाच्या दारी जायचे, हा प्रश्न तेव्हाच जन्मला.

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी जी साखळी असते, ती म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागच्या ॲक्सलमधील क्राउन व्हील व पिनियन. झीज प्रथम येथेच जाणवते. संस्थानी गॅरेजे जोवर परदेशी कारखान्यांशी थेट पत्रव्यवहार करू शकत होती, तोवर हे भाग मागवता येत. १९४८ मध्ये होळकर राज्य मध्यभारतात विलीन झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे संपले. दरम्यान १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील मोटारजुळणी गुंडाळली. मुंबईच्या शिवडीत १९२८ पासून मोटारी जुळवणारा जनरल मोटर्सचा कारखानाही त्यात गेला. आयातीवरील निर्बंधांमुळे जुन्या परदेशी मोटारींचे भाग मिळणे कठीण झाले.

मग जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे मालक काय करू लागले? पहिला मार्ग मोजमापाचा. बेअरिंग मोटारीच्या नावाने न शोधता क्रमांकाने शोधावे लागते: ६२०६ म्हणजे ३० मिलिमीटर आतला व्यास, ६२ बाहेरचा आणि १६ रुंदी. तसे बेअरिंग ट्रॅक्टरातही सापडू शकते. अमेरिकी भागांची मापे मात्र बहुधा इंचांत असतात, तेथे मिलिमीटरची सक्ती उपयोगी नाही. क्लच प्लेट पूर्ण बदलण्याऐवजी तिच्यावर नवे अस्तर रिव्हेटने बसवता येते. खरी परीक्षा क्राउन-पिनियनची. ही जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते; एक दाता मोडला तरी दोन्ही बदलणे भाग पडते. नवी जोडी घडवायची तर दात्यांची संख्या, कोन आणि पोलादाचे कठिणीकरण अचूक हवे. दात्यांवर निळा रंग लावून संपर्काचा ठसा पाहावा लागतो. ठसा चुकला तर गाडी आवाज करते आणि पुन्हा मोडते.

हे काम कारखान्याच्या नकाशांशिवाय करणारा कारागीर हाच खरा वारसदार. गव्हा-सोयाबीनच्या देपालपूर पट्ट्यात ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीमुळे लेथवर शाफ्ट उतरवून देणारे हात आजही आहेत. परंतु असे ज्ञान पुस्तकात नसते. ते हातातून हातात जाते, आणि मधला एक हात सुटला की जाते ते जातेच.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' नोंदणी देण्याची तरतूद केली. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, ही तिची अट आहे. कागदावर वारसा जपण्याची सोय झाली. मात्र मोटार जपायची तर तिचा झिजलेला दाता घासून बघणारा माणूसही जपावा लागेल. आपल्या घरांतील जुन्या वस्तूंच्या याद्या करताना, त्या दुरुस्त करणाऱ्यांची नावेही लिहून ठेवावीत, एवढेच सुचवावेसे वाटते.